वरून आलंय

कार्ड दुसऱ्यांदा ओढलं, मग तिसऱ्यांदा.
दुकानातल्या पोरानं मशीन दाराबाहेर धरलं,
जशी रेंज उन्हातून ठिबकणार होती.
मग म्हणाला, काका, नाही चाल्लं.

मे महिना, लोहापुलाजवळचं दुकान.
कूलरला वाळ्याच्या ताट्या बांधून झालेल्या,
टेम्पोवाला बिडी विझवून उभा.
माझ्यामागं चार माणसं,
त्यांतलं एकच ओळखीचं,
आणि नेमकं तेच बघत होतं.

अकरा वर्षं.
भरायची तारीख पाच, मी भरायचो तीनला.
कुंदा हसायची, बँकेलाच उसने देता का जी तुम्ही?
तिच्या मोतीबिंदूचं बिल याच कार्डावर,
पोरीच्या होस्टेलचं डिपॉझिट याच कार्डावर.
कुठं दाखवलं नाही कधी,
पण पत आहे आपली, हे
सुपारीसारखं गालात धरून फिरलो.

सदरच्या शाखेत एवढा गारवा
की घाम अंगावरच थिजला.
बाकावर माझ्याआधी तिघं.
नंदागवळी बाई, मुख्याध्यापिका:
रायपूरच्या हॉटेलात, सगळ्या स्टाफसमोर,
रिसेप्शनवरच्या पोरानं कार्ड दोन बोटांत धरून परत दिलं,
मेलेली पाल धरावी तसं.
हे सांगताना त्यांनी स्वतःची दोन बोटं पदराला पुसली.
टेंभुर्णे नावाचे म्हातारे,
त्यांच्याकडं बारा वर्षांची स्टेटमेंटं, भोकं पाडून, दोऱ्यात ओवलेली.
आणि डेकाटे, वय असेल सव्वीस.
तो मला म्हणाला,
काका, तुम्ही वेळेवर भरता ना,
मग त्यांना तुमच्यापासून काय भेटते?
उशिरा भरणारा पाहिजे त्यांना.
तुम्ही त्यांच्या कामाचेच नाही.

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या.
वेळेवर पैसे भरल्याची पहिलीच.

काउंटरवरची मुलगी चांगली होती, हे सांगायला हवं.
खुर्ची दिली. पाणी विचारलं.
कीबोर्डवर बराच वेळ काहीतरी शोधलं.
सर, सिस्टीममधून बंद झालंय.
कारण आम्हालाही दिसत नाही.
वरून आलंय.

मी बोलायला तोंड उघडलं.
रात्रभर तयार केलेलं होतं सगळं,
ग्राहक मंच, वकील, पेपरात देतो,
एक वाक्य तर इंग्रजीतसुद्धा.
आणि तिथंच अडलो.

वरून आलंय.

हे वाक्य माझं होतं.

एकतीस वर्षं वीज मंडळात. लाइनमन.
पाचपावलीतली एक गल्ली, मेच होता तो पण,
दुपारचे दोन, खांबाचं लोखंड हातमोज्यातूनही भाजत होतं.
खाली एक बाई, कोपरापर्यंत कणीक.
भरलं ना जी भाऊ, परवाच भरलं,
पावती आहे, थांबा, आणते.
मी खांबावरूनच म्हणालो,
मला काय सांगता बाई, वरून आलंय.
पक्कड दाबली.
आतल्या खोलीतला पंखा थांबला तेव्हा
पाळण्यातलं पोर रडायला लागलं,
ते मला वर ऐकू आलं.

मुलगी विचारत होती, सर, तक्रार नोंदवायची का?
नोंदवली. नंबर मिळाला, चौदा आकडी.
टेंभुर्ण्यांनी माझ्याकडून तो उतरवून घेतला,
कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

कूलर शेवटी रोखीनं घेतला.
रात्री खिडकीत लावला, पाणी भरलं,
वाळ्याचा वास घरभर.
कुंदा झोपली.
कार्ड टेबलावर. त्यावर माझं नाव
अजून उठावदार, बोट फिरवलं की लागतं.

ती बाई पावती घेऊन आली होती.
ओल्या कणकेच्या हातात, वर करून दाखवत होती.
मी शिडी खांद्यावर टाकली होती.
सायकल काढली होती.
वाचली नाही.